बेरिंगच्या डब्यात नट का नसतो?

मागच्या चाकाचं बेरिंग बदलणं हे घरी करता येण्यासारखं काम आहे. अंगण असलेल्या घरात, थोडी हत्यारं आणि थोडा धीर असेल तर ते सुट्टीच्या दिवशी उरकायला हवं. उज्जैनमध्ये ते उरकत नाही, आणि त्यात बेरिंगचा दोष नाही. दोष आहे वाटेत पावलोपावली आडव्या येणाऱ्या बारीक त्रासांचा. त्यातला एखादा सांगावा तर लोक म्हणतात, ‘एवढंसं काय मनावर घेता?’ मी घेते. अख्खं चाक ज्या वस्तूच्या आधाराने फिरतं, तिच्या बाबतीत ‘एवढंसं’ असं काही नसतं.

पहिली तक्रार निदानाची. इंदूर रोडवर गाडीने वेग धरला की मागून घुमल्यासारखा आवाज येतो, वेग वाढला की तोही चढतो. हे सांगितल्यावर गॅरेजमध्ये काय करतात? उभ्या गाडीचं बॉनेट उघडून इंजिन रेस करतात आणि ‘कुछ नहीं है’ म्हणतात. बेरिंगचा आवाज चाकाच्या वेगाशी बांधलेला असतो, इंजिनाच्या फेऱ्यांशी नाही. रिकाम्या रस्त्यावर वेग घेऊन गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि इंजिन शांत झालं तरी घुमणं चालूच राहिलं, तर इंजिन आरोपातून सुटलं. गुळगुळीत डांबरावरून खडबडीत सिमेंटवर गेल्यावर आवाज बदलला, तर टायरकडे बघायचं. तसाच राहिला, तर बेरिंगकडे. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. मागच्या चाकांत हा फरक पुढच्याइतका ठळक नसतो, म्हणून शेवटी चाक उचलून हाताने फिरवायचं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवायचा. बेरिंग गेलं असेल तर खरखर स्प्रिंगमधून तळहाताला कळते. या सगळ्याला पैसे लागत नाहीत, फक्त गाडीत बसून एक चक्कर मारावी लागते. ती कुणी मारत नाही. चारही टायर बदलायचा सल्ला मात्र लगेच मिळतो.

बेरिंग का जातं, याची उत्तरं आपल्या रस्त्यांवरच आहेत. त्याच्या दोन्ही बाजूंना सील असतं. आतलं ग्रीस आत आणि बाहेरचं पाणी बाहेर ठेवणं एवढंच त्याचं काम. पावसाळ्यात शिप्रेचा छोटा पूल बुडतो, सखल भागांत पाणी साचतं, आणि त्यातून गाड्या चाकं अर्धी बुडवून जातात. 2028च्या सिंहस्थासाठी जागोजागी रस्ते खोदलेले. उन्हाळ्यात तीच माती धूळ होऊन उडते. सील एकदा फाटलं की पाणी आणि माती ग्रीसमध्ये मिसळते आणि छर्ऱ्यांच्या चकचकीत वाटेवर खड्डे पडू लागतात. रस्त्यांचं काम व्हायलाच हवं. पण खोदल्यावर वर पसरलेली खडी कित्येक दिवस तशीच राहते, त्याची किंमत गाडीवाले असे सुटे भाग घेऊन मोजतात.

आता अंगणातली गोष्ट. गाडीसोबत मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरताच असतो. त्याच्या भरवशावर गाडीजवळ बसून जोर लावायचा नाही. खाली गाडी पेलणारी घोडी (जॅक स्टँड) लावायची. ही घोडी मागितली की दुकानदार विचारतो, ‘गैरेज है क्या आपका?’ नाही म्हटलं की विटा लावायला सांगतो. वीट दाबाखाली अचानक फुटते. माणूस गाडीखाली असतानाही ती फुटू शकते. हा सल्ला साधा नाही, आणि तो ज्या सहजतेने दिला जातो त्याचा मला राग येतो.

शिवाय कामाचा क्रम. हबचा नट सैल करायचा तो गाडी जमिनीवर असताना, हँडब्रेक ओढून. मागचा ड्रम काढायचा तो हँडब्रेक सोडून. म्हणजे उचललेली गाडी फक्त पुढच्या चाकांवर अडून राहणार. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढूनमागून अडण लावायची आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची. गाडीच्या पुस्तिकेत पंक्चरवर पानंच्या पानं आहेत, गाणी कशी लावायची यावर त्याहून जास्त. या क्रमावर अवाक्षर नाही.

ड्रम सहज निघत नाही. गंज धरलेला असतो, आणि झिजलेल्या ड्रमच्या कडेला आत ब्रेकचे शू अडकतात. त्यासाठी ड्रमवर आट्यांची दोन भोकं दिलेली असतात. त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. भोकं कारखान्याने दिली. बोल्ट दिले नाहीत. परिणामी गल्लीतला प्रत्येक जण हातोडी घेऊन येतो. आतली काळी धूळ फुंकरीने उडवायची नाही, कारण जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं; ओल्या फडक्याने पुसायची. हे सांगावं तोवर कुणीतरी फुंकर मारलेली असते.

पण खरी तक्रार सुटे भाग विकणाऱ्या दुकानातली आहे. मी काउंटरवर उभी राहिले की पहिलं वाक्य येतं, ‘दीदी, भैया को भेज दीजिए.’ भैयांना या बेरिंगचा नंबर माहीत नाही. मला माहीत आहे, कारण तो बेरिंगवरच कोरलेला असतो आणि वाचताही येतो. साध्या 6205 बेरिंगचे शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की 25 मिलिमीटर, हे आतलं भोक. चाकाच्या काही बेरिंगवर डीएसी 25520037 असा नंबर असतो : आतलं माप 25, बाहेरचं 52, रुंदी 37. सगळं उघड लिहिलेलं असताना दुकानात नंबर विचारत नाहीत, गाडीचं नाव विचारतात, आणि ‘इसमें यही लगता है’ म्हणून डबा पुढे सरकवतात. एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या बेरिंगवर आलेली असते. एबीएस आल्यानंतरच्या गाड्यांत तर हे फार महत्त्वाचं. कित्येक बेरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, आणि चाकाचा वेग मोजणारा सेन्सर तीच वाचतो. पट्टी नसलेलं बेरिंग घेतलं, किंवा पट्टीचं बेरिंग उलटं बसवलं, तर चाक छान फिरतं आणि एबीएसचा दिवा कायम पेटलेला राहतो. पट्टी कुठल्या बाजूला आहे ते नुसत्या डोळ्यांना सहज ओळखू येत नाही. कोणती बाजू सेन्सरकडे, हे बाणाने दाखवायला डब्यावर बोटभर जागा पुरे. तिथे चकचकीत चक्र छापलेलं असतं.

मग दुकानदार बेरिंग डब्यातून काढतो, तेलकट कागद फाडतो, बोटाने गरगर फिरवून दाखवतो आणि काचेवर ठेवतो. ते कागदात असतं ते बसवण्याच्या क्षणापर्यंत त्यात राहावं म्हणून. शिवाय डबा फोडला की माल खरा की खोटा हे ताडण्याची निम्मी साधनं संपली. बाजारात नकली बेरिंग इतकी आहेत की एसकेएफसारख्या कंपनीला खरा माल ओळखण्यासाठी मोबाइल ॲप काढावं लागलं. ही कंपनी पुण्याजवळ चिंचवडला बेरिंग बनवते, एनबीसी जयपूरला. चांगला माल आपल्याच देशात तयार होतो. तो सीलबंद मिळावा, एवढी माफक अपेक्षा आहे.

आणि नट. आमच्या गाडीत हबच्या नटाची कड स्पिंडलच्या खाचेत ठोकून दाबलेली असते, म्हणजे तो आपोआप सैल होत नाही. उघडताना ती कड मोडते. तोच नट पुन्हा लावायचा नाही, नवा लावायचा. नवा नट बेरिंगच्या डब्यात नसतो. त्या दुकानातही नसतो. ‘पुराना ही लगा लीजिए, सब लगाते हैं.’ ड्रम स्पिंडलवर धरून ठेवणारा हा एकमेव नट, आणि सब लगाते हैं!

बेरिंग ड्रममध्ये बसवताना प्रेस लागतो. साधारण दर्जाच्या बॉल बेरिंगचं 25 मिलिमीटरचं भोक जास्तीत जास्त एक शतांश मिलिमीटरने चुकलेलं चालतं. एवढ्या काटेकोर वस्तूवर हातोडी चालवतात. ड्रममध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर यायला हवा. आतल्या कड्यावर ठोकलं की तो जोर छर्ऱ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात, आणि नवं बेरिंग पहिल्या दिवसापासून जुनं होतं. आवाज परत आला की म्हणतात, ‘माल ही खराब आता है आजकल.’ मक्सी रोडच्या औद्योगिक भागात लेथची, प्रेसची कामं होतात. तिथे ड्रम नेऊन बेरिंग दाबून आणावं, हे शहाणपणाचं. हिरा मिल आणि विनोद मिल चालू होत्या तेव्हा या गावात बेरिंगची नीट पारख असलेल्या फिटरांची कमी नव्हती. गिरण्यांबरोबर ती शिस्तही गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे वेधशाळेचं गाव आहे. जयसिंगांनी बांधलेली यंत्रं मोडकळीला आली तेव्हा 1923 मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात ती दुरुस्त झाली, कारण काटेकोर नसलेलं यंत्र म्हणजे नुसता चुन्यादगडाचा ओटा. ‘चलता है’ म्हणण्याची आपली परंपरा नाही.

शेवटी नट आवळणं. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक गाडीसाठी आकडा दिलेला असतो. अनेक लहान गाड्यांत तो 100 न्यूटन-मीटरच्या वर. गॅरेजमधली रीत म्हणजे लांब दांड्यावर उभं राहणं. सत्तर किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकावर उभा राहिला तर जोर सुमारे 340 न्यूटन-मीटर होतो. जास्त आवळलेलं बेरिंग तापतं, कमी आवळलेलं खेळतं, आणि दोन्ही लवकर जातात. टॉर्क पाना भाड्याने मिळाला असता तर प्रश्न मिटला असता. गावात लग्नाचे मांडव, ताटं आणि खुर्च्या भाड्याने मिळतात. पाना मिळत नाही.

माझं मागणं लांबलचक नाही. बेरिंगच्या डब्यात नवा नट आणि बेरिंग जागेवर अडवणारी सर्क्लिप असावी. डब्यावर मापं, सेन्सरची बाजू आणि कोणत्या गाडीला किती आवळायचं तो आकडा छापावा. दुकानदाराने डबा गिऱ्हाइकाच्या हाती बंद द्यावा आणि जुनं बेरिंग पाहून नंबर जुळवावा. प्रेसवाल्याने कोणत्या कड्यावर जोर देतोय हे गिऱ्हाइकाला दाखवावं. यातल्या एकाही गोष्टीला नवं यंत्र लागत नाही की नवा कायदा लागत नाही. हे होईपर्यंत वाचकांना विनंती : जुनं बेरिंग हातात घेऊन दुकानात जा, नंबर वाचून दाखवा, नवा नट मागा. ‘पुराना ही लगा लीजिए’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशात परत ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.