तुमची डावी, माझी उजवी

दादर स्टेशनचा पूल, संध्याकाळचे साडेसहा. एकाच्या हातात फुलबाजारातून घेतलेला शेवंतीचा पुडा, समोरच्याची सॅक मुंबईच्या रिवाजाप्रमाणे पाठीऐवजी छातीवर. पुडेवाला डावीकडे सरकतो, त्याच क्षणी सॅकवाला उजवीकडे. म्हणजे पुन्हा समोरासमोर. दोघे उलट बाजूला जातात, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला दोघेही थांबून ओशाळं हसतात. तेवढ्यात मागून ‘ओ, चला पुढे!’ येतं आणि त्या रेट्यानेच पेच सुटतो.

या फुगडीला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं इग नोबेल २०२१ साली याच विषयाला मिळालं, तेही दोनदा. भौतिकशास्त्राचं पारितोषिक पादचारी एकमेकांवर सतत का आदळत नाहीत यासाठी, गतिकीचं ते कधीकधी का आदळतात यासाठी. वादी आणि प्रतिवादी दोघेही एकाच दिवशी खटला जिंकले.

पहिल्या चमूने नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन स्थानकात गर्दीच्या वर उंचावर संवेदक लावून सहा महिने माणसांच्या वाटा टिपल्या. सुमारे ५० लाख. समोरून कोणी येताना दिसलं की माणूस दुरूनच आपली वाट जराशी वाकवतो. दुरून दिसलं, तर! दादरला समोरचा दिसेपर्यंत त्याचा डबा बरगडीत घुसलेला असतो.

आपल्याकडे मुळात तेवढं अंतर लागतच नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मन आणि भारतीय मंडळींना एकामागोमाग एक गोल फिरवलं होतं. गर्दी वाढली तसे जर्मन मंदावले. भारतीय त्या मानाने कमी मंदावले, आणि पुढच्याला खेटून चालायलाही त्यांची हरकत नव्हती. लोकलच्या डब्यातली तालीम वाया जात नाही.

दुसरं इग नोबेल जपानी प्रयोगाचं. २७ विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या समोरासमोर सोडल्या आणि एका तुकडीतल्या तिघांना चालताचालता फोनवर बेरजा करायला लावल्या. ते तिघे आघाडीवर असले की एरवी आपोआप पडणाऱ्या रांगा उशिरा पडल्या. गंमत म्हणजे फोन नसलेलेही गोंधळले. ‘हा कुठे वळणार’ हे दोघांनीही ताडायचं असतं. एकाने मान खाली घातली की दुसऱ्याचं शहाणपण फुकट.

पुण्यात बेरजांचीही गरज नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. तेवढ्यात दोन माणसं अंग न चोरता एकमेकांना ओलांडतात. प्रत्यक्षात त्या जागेत विजेचा डीपी, वडापावची गाडी आणि ‘वाहने लावू नयेत’ या पाटीला टेकून लावलेली मोटरसायकल असते. उरलेल्या फटीतून सकाळी फिरायला निघालेले आजोबा चाललेले असतात.

समोरून स्कूटर येते. पदपथावरच. आजोबा नियमाप्रमाणे डावीकडे सरकतात, स्कूटरवाला कुठेच सरकत नाही, फक्त हॉर्न देतो. आजोबा मुकाट्याने रस्त्यावर उतरतात. दहा पावलांवर मागून दुसरी स्कूटर येते, करकचून ब्रेक लागतो.

“ओ आजोबा, फुटपाथ कशाला बांधलाय?”