रोजचे पाचशे सात सिलिंडर

मीरा-भाईंदर हे देशातलं एक नंबरचं स्वच्छ शहर आहे. हसू नका, प्रमाणपत्र आहे. २०२४-२५च्या स्वच्छ सर्वेक्षणात तीन ते दहा लाख वस्तीच्या शहरांत आपण पहिले आलो. कुणी खवचट विचारेल, अजून दहा लाखांच्या आत? तर हो. २०११च्या जनगणनेत आपण ८,०९,३७८ होतो आणि सर्वेक्षण झालं तोवर देशात दुसरी जनगणना झालेली नव्हती. त्यानंतर जन्माला आलेली पोरं, बोरिवली-दहिसर परवडेना म्हणून इकडे आलेली बिऱ्हाडं, कनकिया-हाटकेशचे उंच उंच टॉवर, ही सगळी मंडळी सरकारी हिशेबात अजून यायची आहेत. त्यांचा कचरा मात्र वेळेवर येतो.

तो जातो उत्तनला, धावगीच्या डोंगरावर.

महापालिकेने ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि बायोगॅसपासून वीज करण्याचे छोटे प्रकल्प शहरात हाती घेतले आहेत. जिथला कचरा तिथेच जिरवायचा, अशी ही योजना. चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. पण शहरातला सर्वांत यशस्वी मिथेन प्रकल्प कुठला असं कुणी विचारलं, तर मी बेधडक धावगीच्या डोंगराकडे बोट दाखवीन. त्याला टाकी लागत नाही, ऑपरेटर लागत नाही, देखभालीचं वार्षिक कंत्राट लागत नाही. रविवार नाही, गणपतीची सुट्टी नाही, आचारसंहिता नाही. नगरसेवकांची मुदत २०२२च्या ऑगस्टमध्ये संपली आणि प्रशासक आले, तेव्हाही डोंगराच्या उत्पादनात एका दिवसाचा खंड पडला नाही.

त्याची कार्यपद्धती सोपी आहे. कचऱ्यावर कचरा पडत जातो, खालच्या थरातली हवा संपते. हवा संपली की एका जातीचे जिवाणू कामाला लागतात. त्यांना प्राणवायू सोसत नाही. बंद, अंधाऱ्या, कोंदट जागी, जिथे बाहेरचा वारा पोचत नाही, तिथेच त्यांची बुद्धी चालते. (अशा जागी आपल्याकडे इतरही पुष्कळ कामं होतात, पण त्यातून ऊर्जा निघाल्याचं ऐकिवात नाही.) भात, भाजीची देठं, कालची डाळ हे सगळं फोडून फोडून ते जो वायू सोडतात त्यात निम्म्याहून थोडा जास्त मिथेन असतो. हाच वायू टाकीत धरला तर इंधन, आणि डोंगरावर मोकळा सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या निदान पंचवीस-तीस पटीने पृथ्वी तापवणारा. उन्हाळ्यात तो पेटतो. मग अग्निशमनच्या गाड्या डोंगर चढतात, दिवसचे दिवस पाणी मारतात आणि वर्तमानपत्रं छापतात, की डम्पिंगला आग लागली. मी म्हणतो, असं छापू नये. ‘प्रकल्प पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाला’ असं छापावं.

या प्रकल्पाचे लाभार्थीही ठरलेले आहेत. उत्तन, पाली, चौक, डोंगरी. कचरा शहराचा, धूर त्यांचा. पावसाळ्यात डोंगरातून काळं पाणी खाली उतरतं तेही त्यांचंच. बोंबील वाळत घातलेला असताना वारा कुठून सुटेल हे कोळणीला आता समुद्राकडे बघून नव्हे, डोंगराकडे बघून ठरवावं लागतं. याच उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. गावोगावचे लोकप्रतिनिधी तिथे कारभार शिकायला येतात. त्यांच्या अभ्यासक्रमात धावगीची एक सहल असावी अशी माझी नम्र सूचना आहे. सकाळी व्याख्यान, दुपारी क्षेत्रभेट. जेवण मात्र क्षेत्रभेटीच्या आधी ठेवावं.

आता थोडा हिशेब. शहराचा ओला कचरा दिवसाला दोनशे टन धरा. नीट वेगळा केलेला, दगडमाती नसलेला. एका टनातून अगदी कंजुषीने ऐंशी घनमीटर बायोगॅस निघतो, म्हणजे सोळा हजार घनमीटर झाले. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम एलपीजीचं काम. गुणाकार केला की दिवसाला सात हजार दोनशे किलो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. भागाकार तुम्हीच करा. मी केला, पाचशे सात आले. रोज पाचशे सात भरलेले सिलिंडर डम्परमध्ये घालून आपण डोंगरावर नेतो आणि नळी उघडी टाकून परत येतो. वर डम्परचं डिझेल आपलंच.

यावर कुणी म्हणेल, अहो, तंत्रज्ञान नवीन आहे, वेळ लागतो. किती नवीन? माटुंग्याला निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला तो १८९० साली. तिथल्या मैलापाण्याच्या टाकीवर जमणारा वायू पकडून १८९७मध्ये इंजिन चालवल्याची नोंद आहे. गंमत म्हणजे, जगातला पहिला बायोगॅस प्रकल्प मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८५९ साली झाला, असं परदेशी ग्रंथांत राजरोस छापलेलं असतं. आश्रमाच्या आधी एकतीस वर्षं! इमारत नाही, राहायला माणसं नाहीत, पण प्रकल्प चालू. हे वाचून आपल्याकडच्या कुठल्याही बांधकाम खात्याला आश्चर्य वाटणार नाही. हा आश्रम उभारणारे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अॅक्वर्थसाहेब. त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले. कमिशनरने दुसऱ्यांचे पोवाडे जमवायचे दिवस होते ते.

पुढेही महाराष्ट्राने या कामात हात आखडता घेतला नाही. देहूला डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला गॅसची टाकी जोडून दाखवली आणि त्या गॅसवर लोकांना चूल पेटवायला लावली. तेसुद्धा तुकोबांच्या गावात, जिथे सोवळ्याओवळ्याचा प्रश्न निघणं अगदी स्वाभाविक होतं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाचा हट्टच सोडला. गाईने खाऊन टाकलेलं जिवाणूंना देण्यापेक्षा खरकटं थेट द्या, त्यात ताकद जास्त, असं त्यांचं म्हणणं. गच्चीवर मावेल एवढी टाकी त्यांनी केली आणि २००६चा अॅश्डेन पुरस्कार लंडनहून आणला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ उभं केलं. कचरा आधी दळायचा, मग गरम पाण्यात हवा देऊन अर्धवट पचवायचा आणि मग बंद टाकीत सोडायचा. माथेरानला, जिथे मोटार चढत नाही, तिथे हा प्रकल्प चढला. म्हणजे अणुशास्त्रज्ञांनीसुद्धा खरकट्यात हात घातला. हात घालायचे बाकी राहिलो आहोत ते फक्त आपण.

कारण अडचण टाकीत नाही, डब्यात आहे. टाकीतल्या जिवाणूंना काय चालत नाही याची यादी आणि आपल्या घरच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यातल्या वस्तूंची यादी जुळवून पाहा, एकही नाव चुकणार नाही. नारळाच्या करवंट्या, दुधाच्या पिशव्या, डायपर, बॅटरीचे सेल, थर्माकोलच्या वाट्या, देवापुढचं निर्माल्य त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीसकट. पिशवीचा पट्टा दळणयंत्राच्या पात्याला गुंडाळला की यंत्र बसलं. लिंबं-मोसंब्यांच्या साली एकदम ओतल्या की टाकी आंबट होते आणि जिवाणू रुसलेल्या व्याह्यांसारखे हात जोडून बसतात. मग दहा दिवस नुसती मनधरणी. वायूतलं हायड्रोजन सल्फाइड काढलं नाही तर इंजिन गंजतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. वास सुटला की मोर्चा निघतो. प्रकल्प बंद करा. तो बंद झाला की तोच कचरा उत्तनला जातो, जिथला वास आपल्या खिडकीपर्यंत येत नाही, निदान वारा पडलेला असेपर्यंत.

२०२५च्या जुलैत मीरा रोडला भाषेवरून केवढं रान पेटलं, मोर्चे निघाले, देशभरच्या वाहिन्या स्टेशनाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. या शहरात कुठली भाषा चालावी यावर आपलं एकमत नाही. पण घंटागाडी आली आणि भोंग्यावर ‘ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा’ सुरू झालं, की मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, कोकणी, सगळे भाषक अभूतपूर्व एकोप्याने त्याकडे दुर्लक्ष करतात. राष्ट्रीय एकात्मता बघायची असेल त्यांनी सकाळी आठ वाजता आमच्या गेटपाशी यावं. दोन डबे आहेत, हिरवा आणि निळा. दोन्हींत सारखाच कचरा आहे. पक्षपात नाही.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय निघाला होता. नियम असा होता, म्हणजे २०१६चा, की दिवसाला शंभर किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. सेक्रेटरी उठून उभे राहिले.

“आपला कचरा ९८ किलो आहे.”

“वजन केलंत?” सी विंगच्या काकूंनी विचारलं.

“केलं असतं तर शंभरच्या वर भरलं असतं. म्हणून केलं नाही.”

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. नंतर एका तरुणाने पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात छोटा बायोगॅस प्लांट बसवायची सूचना मांडली. त्याला विचारण्यात आलं, की ती जागा कुणाच्या गाडीची आहे ते माहीत आहे का? माहीत होतं. तो खाली बसला. काकूंनी तरी पिच्छा सोडला नाही. एका घराला त्यातून किती गॅस मिळेल, असं त्यांनी विचारलं. चौघांच्या घरात दिवसाला अर्धा किलो ओला कचरा धरला तर शेगडी सहा-सात मिनिटं चालेल, असं तरुण बसल्या बसल्या म्हणाला. “म्हणजे सकाळचा चहा,” काकू म्हणाल्या. सभा क्षणभर विचारात पडली. एवढ्यात वडापाव आले, थर्माकोलच्या प्लेटमधून, आणि विषय पुढच्या वर्षावर गेला.

दिल्लीचं याहून मोठ्या प्रमाणावर असंच चाललेलं असतं. ‘सतत’ नावाची योजना १ ऑक्टोबर २०१८ला निघाली. कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस करणारे पाच हजार कारखाने २०२३पर्यंत उभारायचे होते. २०२३ संपलं तेव्हा शंभरीही भरली नव्हती. त्याच्याही आधी, २०००च्या नियमांत, कचरा प्रक्रियेची सोय ३१ डिसेंबर २००३पर्यंत करा असं शहरांना बजावलं होतं. त्या तारखेला जन्मलेलं मूल आता मतदान करतं. पुण्याने रोज पाच टन जिरवणारे बरेच छोटे प्रकल्प गेल्या दशकात उभारून पाहिले. त्यातले कितीतरी पूर्ण क्षमतेने कधी चाललेच नाहीत, कारण टाकीपर्यंत पोचला तो कचरा, आणि टाकीला हवं होतं जेवण. त्या अनुभवावरून बाकीच्या शहरांनी एकच धडा घेतलेला दिसतो: प्रकल्पाची फीत कापायची ती पहिल्या दिवशी, टाकी आंबायच्या आत.

तेव्हा महापालिकेला सांगून उपयोग नाही आणि सोसायट्यांना सांगून तर नाहीच. मी थेट उत्तन, पाली, चौक आणि डोंगरीच्या ग्रामस्थांना सांगतो. निवेदनं पुष्कळ झाली, आता बिल पाठवा. रोजचे पाचशे सात सिलिंडर, चालू बाजारभावाने. शिवाय धुराची साठवणूक, काळ्या पाण्याची वाहतूक आणि वास घेण्याची मजुरी, माणशी. नवघर, कनकिया, शांती नगर, नया नगर, हाटकेश, घरटी वाटून टाका. आमच्या सोसायटीचं पाठवाल तेव्हा कचरा ९८ किलो लिहू नका, वजन करून घ्या. आणि मुदत एप्रिलअखेरची घाला. मे महिन्यात डोंगर पेटला की पैसे मागायला तुम्हाला आमच्या इमारतीही दिसायच्या नाहीत.