शंभर टक्के हजर गुरुजी

प्राथमिक शिक्षकाने स्वतःची ओळख कशी करून द्यावी, हा बिकट प्रश्न महाराष्ट्र शासनाने कायमचा निकालात काढला, याबद्दल त्याचे जाहीर अभिनंदन. २०२२ मध्ये 'आपले गुरुजी' मोहिमेत वर्गाच्या भिंतीवर शिक्षकाचे ए-फोर आकाराचे छायाचित्र आले. २०२४ मध्ये जीन्स, टी-शर्ट वर्ज्य झाले, शर्ट पँटमध्ये खोचला गेला आणि डॉक्टरांच्या थाटात नावाआधी टीचरचा 'टि' लागला.

अध्यापनपद्धती विचाराल, तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकाला अशैक्षणिक कामे देऊ नका असे बजावते. अपवाद फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. बाकी सगळा वेळ मुलांचाच. तो पोषण आहाराचा तांदूळ मोजण्यात आणि पोर्टलवर माहिती भरण्यात सत्कारणी लागतो.

अशा वेळी छायाचित्राचे मोल कळते. ते रजा मागत नाही, जुनी पेन्शन मागत नाही, त्याचा शर्ट कधी बाहेर येत नाही. तेव्हा नम्र सूचना अशी की, अध्यापनाचा कार्यभार रीतसर छायाचित्राकडे सोपवावा आणि केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत शेरा द्यावा: 'वर्गनियंत्रण उत्तम.'

मुले शासनाच्या चार पावले पुढे आहेत. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घातल्यावर एक हार उरला. मुलांनी तो शेजारच्या गुरुजींच्या छायाचित्राला घातला, उदबत्ती लावली आणि दोन मिनिटे स्तब्ध उभी राहिली. गुरुजी तेव्हा वाडीवस्तीवर फिरून मतदार यादीतली मयतांची नावे कमी करत होते.