उतरायची सोय

रामायणातल्या पुष्पकाची ख्याती अशी, की कितीही जण चढले तरी एकाची जागा शिल्लकच. बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने १९५८ साली जे पुष्पक पहिल्यांदा उडवलं त्यात जागा दोन, आणि दुसरा माणूस बेताच्या बांध्याचा असलेला बरा, कारण इंजिन ९० अश्वशक्तीचं. हे विमान आखणारे डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. ज्याच्या सिद्धांतांवर जगभरचे पंख बेतले जातात त्या माणसाकडे शिकून आलेल्या या इंजिनिअराने देशभरच्या फ्लाइंग क्लबांसाठी काय करावं, तर अमेरिकन एरॉन्का चीफच्या वळणाचं, कापडी कातडीचं, साधंसुधं विमान. दीडशेहून जास्त बनली. किती तरी वैमानिक त्यावर पहिल्यांदा एकटे उडाले.

त्या पुष्पकाला फ्लॅप नाहीत, म्हणजे हळू आणि उभं उतरायची पंखातली सोय नाही.

आज असं एखादं पुष्पक कोणी धूळ झटकून पुन्हा उडवायला काढलं, तर खरी परीक्षा पंखांची. धड पोलादी नळ्यांचं, ते तगतं. पंखाचा कणा लाकडी. स्पार म्हणतात त्या दोन लांब तुळया, एक पुढे, एक मागे. लाकूड दमटपणा पितं, डिंक सुटतो, आणि कापडाच्या आत काय चाललंय ते कापड फाडेपर्यंत नीटसं कळत नाही. फाडलं की बहुतेकदा नवा पंख बांधणंच सोपं वाटतं. इथेच मोह होतो : निघालंच आहे तर फ्लॅपही बसवून टाकू.

कुंभकोणमला पितळी पेल्यातली डिग्री कॉफी पिताना हा विषय निघाला, तो माझ्यामुळेच. यजमानांचं घराणं तंजावरच्या भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं. मराठी त्यांची अजून जिवंत, फक्त चाल तमिळ. विमानाचा पंख मुळात कापडकाम आहे म्हटल्यावर ते खुलले. तिरुभुवनमला रेशमाचे माग, स्वामिमलैला मूर्ती ओतणारे स्थपती, नाच्चियारकोविलला पितळी समया करणारे कारागीर. पंख बांधायला हवी तसली बोटं इथे पंचक्रोशीत आहेत, नाही ती फक्त धावपट्टी. ती तंजावरला आहे आणि ती हवाई दलाची.

कापडकाम म्हणजे खरोखरच कापडकाम. पूर्वी सुती किंवा लिननचं कापड असे, आता पॉलिएस्टर. ते सांगाड्यावर चिकटवलं की सुरुवातीला ढिलं, चुण्या पडलेलं दिसतं. मग हातात घ्यायची ती चक्क इस्त्री. वाफेची नव्हे, कोरडी. आणि तिच्यावरच्या ‘कॉटन’, ‘सिल्क’ या खुणांवर विश्वास न ठेवता थर्मामीटर लावून तपासलेली. टप्प्याटप्प्याने १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास नेली की कापड आक्रसतं आणि चुण्या डोळ्यांदेखत विरतात. फार तापलं तर मात्र तेच कापड पुन्हा सैल पडतं, आणि फार ओढलं गेलं तर पंखाची मागची नाजूक कड वाकडी होते. त्यानंतर टाके. एक जण पंखाच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला. लांब सुई आरपार जाते, परत येते, पंखाला आकार देणाऱ्या प्रत्येक फासळीवर गाठ बसते. गोधडीच घालतात म्हणा ना. टाके खालच्या कापडासाठी असतील असं वाटतं, पण जास्त काळजी वरच्याची. उडताना पंखावरचा दाब कमी होतो आणि वरचं कापड फासळ्यांवरून सुटून वर जाऊ पाहतं. विमान हवेत असतं ते बऱ्याच अंशी या गाठींच्या भरवशावर, हे खिडकीशी बसलेल्याला न सांगितलेलंच बरं. शेवटी डोप नावाच्या लेपाचे हात आणि उन्हाने कापड कुजू नये म्हणून ॲल्युमिनियमच्या भुकटीचा चंदेरी थर.

आता फ्लॅप. पंखाच्या मागच्या कडेचा धडाजवळचा तुकडा बिजागरीवर खाली वळवायचा, एवढीच कल्पना. पंखाचा बाक वाढतो, कमी वेगातही विमान तरंगतं, वर अडथळा वाढल्यामुळे वेग न वाढवता जास्त उभं उतरता येतं. छोट्या शेतात, झाडांवरून येऊन टेकायचं असेल तर याहून मोठं सुख नाही. पण बिल पुढे येतं. मागच्या स्पारवर जो भार कधी धरलाच नव्हता तो आता येणार, म्हणून तो जाड करा, कंस ठोका. दोन्ही बाजू एकदमच खाली गेल्या पाहिजेत, नाही तर विमान कुशीवर वळेल; म्हणून दोघींना जोडणारी नळी घाला. मग केबिनमध्ये दांडा. मग वेगदर्शकावर पांढरी पट्टी, तिच्या वरच्या वेगात फ्लॅप सोडायचे नाहीत म्हणून. आणि या सगळ्याला मंजुरी. फाइलचं वजन विमानाच्या वजनात धरत नाहीत, हे एक बरं.

वजनाचं नाव काढताच यजमानांनी नाच्चियारकोविलचा दगडी गरुड काढला. कुंभकोणमपासून दहाएक किलोमीटरवर विष्णूचं देऊळ आहे. उत्सवात हा कल्गरुड गाभाऱ्यातून निघतो तेव्हा चार जण उचलतात; पुढे आठ लागतात, मग सोळा, बत्तीस, चौसष्ट. वाहन उडणारं, आणि चालेल तसं जड होणारं! भाविकांना हा चमत्कार वाटतो. वैमानिकाला वाटणार नाही. विमान उंची न सोडता ६० अंश कललं की पंखावरचा भार दुप्पट होतो, म्हणजे चाराचे आठ. साडेपंच्याहत्तर अंशांना चौपट, म्हणजे सोळा. नेहमीच्या वर्गातल्या छोट्या विमानाचा पंख ३.८ पटींसाठी आखतात, वर दीडपट राखीव ताकद. म्हणजे सोळावा खांदा लागण्याआधीच हमी संपली आणि राखीव खात्यातून उचल सुरू झाली. म्हणून तर पंख बांधणारा प्रत्येक कंस तराजूत टाकून मगच ठोकतो.

तरी फ्लॅपवाल्यांची बाजू मी कमी लेखत नाही. लाखमान नावाचा जर्मन वैमानिक १९१७ मध्ये पडला, आणि इस्पितळात पडल्या पडल्या त्याला पंखाला फट ठेवायची कल्पना सुचली. पेटंटवाल्यांनी आधी ती झिडकारली. फटीच्या पंखाने उचल भरघोस वाढते हे चाचणीत दाखवून दिलं ते घाटग्यांच्या याच गुरूंनी, प्रांटलांनी. पुढच्या काळातल्या चांगल्या फ्लॅपांमध्ये ती फट येऊन बसली. त्यामुळे घाटग्यांना हे ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणणार नाही. क्लबाच्या पोरांना स्वस्त, हलकं, दुरुस्तीला सोपं विमान हवं होतं; लांब धावपट्ट्या होत्याच.

आणि फ्लॅपाविना उतरायचा उपाय पुष्पकाच्या वैमानिकांना पाठ असे : साइडस्लिप. दांडा एका बाजूला, पाय उलट्या बाजूला. विमान एक खांदा पाडून, तिरपं होऊन, वाऱ्याला अंगाची आडवी बाजू दाखवत भराभर खाली येतं. धावपट्टी समोरच्या काचेऐवजी बाजूच्या खिडकीत दिसते. टेकण्याच्या अगदी आधी सरळ केलं की झालं. यजमानांना ही युक्ती फार आवडली. जास्तीचं वजन शून्य, खर्च शून्य. मग बांधायचेच झाले तर पंख जसे होते तसेच बांधावेत, असा त्यांनी निकाल दिला.

मलाही तो पटतो. फक्त त्या दुसऱ्या जागेवर मला बसवणार असाल, तर फ्लॅपवाल्याची चौकशी करा.