दिवसाआड पाणी आणि दारात बोट

निळ्या ताडपत्रीखाली काय आहे म्हणतेस? बोट आहे. सरक जरा इकडे, जास्वंदीच्या आड ये. तिथून बोललेलं सगळं नानांच्या खिडकीत जातं.

"बोट? निगडीत? काकू, थट्टा करताय."

थट्टा कसली! चौदा फुटी, फायबरची मोटरबोट. म्हणजे मोटर अजून लागायचीय, पण बोट आहे. तू लातूरची, तुमच्याकडे 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हा तुला हसू येणारच. आमच्याकडेही 2019 च्या नोव्हेंबरपासून नळाला दिवसाआड पाणी. पवना धरण काठोकाठ भरलं तरी दिवसाआड. आणि नानांच्या दारात बोट. आमच्या घरचा पत्ता सांगायचा झाला तरी बोटीच्या शेजारचा बंगला असाच सांगावा लागतो.

आली कुठून? कुदळवाडीतून. चिखलीकडची कुदळवाडी गं, भंगाराची. आता 2025 च्या फेब्रुवारीत पालिकेनं तिथली शेडं पाडली आणि भंगारवाले पांगले, पण तोवर भोसरी-चाकणात जे जे मोडायचं ते तिथे जायचं. नाना तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. जन्मभर टूलरूममध्ये डाय फिटर, सगळा हिशोब मायक्रॉनमध्ये. दुसरी माणसं रिटायर झाल्यावर दुर्गा टेकडीवर फिरायला जातात, हे कुदळवाडीत जायचे. एक दिवस तिथे ही दिसली, पालथी पडलेली. पवनेच्या बॅकवॉटरला कुणाच्या फार्महाऊसवर होती म्हणे. भंगारवाल्यानं इंजिन काढून अॅल्युमिनियमच्या भावानं विकलं, ट्रेलर लोखंडाच्या भावानं. उरलं ते टरफल. त्याला भावच नाही!

"एवढं धूड आणि भाव नाही?"

तीच तर गंमत. लोखंड वितळतं, तांबं वितळतं, बादलीचं प्लास्टिक वितळतं. फायबर वितळत नाही. काचेचे धागे आणि त्यात मुरवलेलं पॉलिएस्टर रेझिन. ते एकदा कडक झालं की झालं, भाजलेल्या भाकरीचं परत पीठ होतं का? जाळलं तर काळा धूर, पुरलं तर वर्षानुवर्षं तसंच. सगळ्या जगाच्या डोक्याला हा ताप आहे. लोकांनी हौसेनं घेतलेल्या फायबरच्या बोटी म्हाताऱ्या होऊन किनाऱ्याकिनाऱ्याला पडल्यात. फ्रान्सनं 2019 पासून त्या मोडायची वेगळी व्यवस्था केली, बोटी बनवणाऱ्यांकडून पैसे घेऊन. हे सगळं नानांनीच ऐकवलंय, मला काय कळतंय त्यातलं. कुदळवाडीचा माणूस एवढंच म्हणाला, काका, टेम्पोचं भाडं द्या आणि घेऊन जा, माझी जागा तरी मोकळी होईल.

माझं मत विचारशील तर नाना बोटीला भुललेच नाहीत. जिथे खिळ्यालाही किलोचा भाव आहे तिथे बिनभावाची वस्तू पहिल्यांदा दिसली, त्याला भुलले. लॉकडाऊनच्या आदल्या वर्षीची दिवाळी होती. नानांची बायको, माई, अंगणात पणत्या लावत होत्या आणि दारात टेम्पो. त्या कंदिलाखाली उभ्या राहून फक्त म्हणाल्या, "किल्ला मोडू नका तेवढा." नातवाचा किल्ला होता. बोट किल्ल्याच्या शेजारी उतरवली.

मग सुरू झालं ठोकणं. छोटी हातोडी घेऊन बोटभर टकटक. चांगल्या जागी ठण् वाजतं, आत पाणी मुरलेलं असलं तर ठप्प. ठप्प वाजेल तिथे खडूनं गोल. दोन दिवसांत बोट पांढऱ्या गोलांनी भरली. सगळ्यात वाईट अवस्था मागच्या भिंतीची. तिला ट्रान्सम म्हणतात, इंजिन तिथे टांगतात. बाहेरून फायबर आणि आत प्लायवूड. कुणीतरी स्क्रूची भोकं बुजवली नव्हती, तिथून पाणी शिरून आतलं प्लाय कुजून चहापत्तीसारखं हातात आलं. म्हणजे बोट बुडते ती खालच्या भोकानं नाही, मागच्या स्क्रूनं. नानांनी ते सगळं कोरून काढलं आणि नवं प्लाय आणलं, बोटीला चालणारं, आयएस 710 छापलेलं. दुकानदार म्हणत होता साधं वॉटरप्रूफ न्या, कोण बघतंय. नानांना असं म्हणायची सोय नाही. त्याला शिक्का कुठला, थर किती, विचारून विचारून त्यांनी हैराण केलं असणार.

आणि ते घासणं! ग्राइंडर लावला की काचेची भुकटी उडते. दिसत नाही, पण टोचते. एकदा वारा इकडचा होता आणि माझे वाळत घातलेले टॉवेल... आमचे हे तीन दिवस खाजवत होते, मी डॉक्टर बदलायला निघाले होते. तेव्हापासून ठरलंय, घासायचं असलं की नाना आधी ओरडणार, "कपडे काढा!" नवीन माणसानं ऐकलं तर काय समजेल! म्हणून तुला आत्ताच सांगून ठेवते. घासून झालं की ते नळाखाली गार पाण्यानं अंघोळ करतात, गरम पाणी घेतलं तर खाज वाढते म्हणे. दिवसाआडच्या पाण्यात दोनदा अंघोळ. माईंचा खरा राग बोटीवर नाही, त्या दुसऱ्या अंघोळीवर.

एका तड्याला इतकं घासायचं कशाला, असं मीच विचारलं होतं. तर म्हणे, जोड उतरता पाहिजे. फायबर एक मिलिमीटर जाड असलं तर उतार बारा मिलिमीटरचा. पाच मिलिमीटरच्या भोकाला चहूकडून सहा सेंटिमीटर घासायचं, तेव्हा नवी काचेच्या धाग्यांची मॅट जुन्याला धरते. नुसतं वरून ठिगळ मारलं तर पहिल्या लाटेला निघतं. मी म्हटलं, नाना, पण लाट कुठंय? ते हसले नाहीत.

"मग अजून झाली का नाही पूर्ण?"

होणार कशी? सांगते. रेझिनमध्ये हार्डनर घालतात, किलोला दहा-वीस मिली. ते कालवलं की घड्याळ सुरू. वीस-पंचवीस मिनिटांत त्याची जेली होते, मग दगड. उन्हाळ्यात त्याहून लवकर. डब्यात साठवून ठेवलं तर स्वतःच तापतं. एकदा प्लास्टिकचा मग वितळून धूर निघाला होता, तेव्हापासून नाना पसरट ट्रेमध्ये घेतात. कोबाल्ट म्हणून जांभळं एक औषध असतं ना, ते आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी ओतायचं नाही, भडका उडतो. दोन्ही बाटल्या ते दोन वेगळ्या कपाटांत ठेवतात आणि किल्ल्या माईंकडे. बायकोवर एवढा विश्वास मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

तर कालवलेलं उरलं की फेकावं लागतं. आणि फेकणं नानांना जमत नाही. मग सुरुवात झाली. पहिल्यांदा मंडळाच्या मूर्तीचं बोट. आपल्या मंडळाची कायमची मूर्ती फायबरची आहे, वर्षभर शेडमध्ये असते. तिचं एक बोट तुटलं होतं, ते उरलेल्या रेझिनमध्ये झालं. मग पथकातल्या पोरांचा फायबरचा ढोल. मग कोपऱ्यावरच्या बंगल्याची गच्चीतली सिमेंटची टाकी आतून. मग बाथरूमची दारं, ती खालून फुटतात ना. हळूहळू उलटंच झालं. रविवारी नाना कालवणार कळलं की फाटकाशी रांग, आणि सगळ्यांचं उरकून जे राहील ते बोटीला. कोणी सिंटेक्सची टाकी आणली तर मात्र परत पाठवतात. त्या प्लास्टिकला रेझिन धरतच नाही. दोनच दिवस टिकेल असं काम करून द्यायला ते तयार नाहीत, शेजारी रुसला तरी.

पैसे? घेत नाहीत. म्हणून तर बोट रखडली, असं त्यांचा मुलगा म्हणतो. तो चाकणला पेंट शॉपमध्ये. घरी येतो तळेगाव चौकातल्या गाड्यांत दीड-दोन तास काढून, आणि आल्यावर बापाला विचारतो, "टार्गेट डेट काय?" कंपनीत त्याला सगळे विचारतात, घरी तो बापाला विचारतो. नाना म्हणतात, "मी कुणाला डिस्पॅच द्यायचाय?"

एकदा मात्र नाना चांगलेच खजील झाले. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला असते, तेव्हा वारकरी आपल्या गल्लीतही उतरतात. पावसाची भुरभुर होती आणि ताडपत्रीखाली कोरडी जागा, तर चार-पाच जण बोटीच्या कडेनं झोपले. सकाळी त्यातले एक बाबा उठून बोटीभोवती फिरायला लागले. भिगवणकडचे, उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणारे. नाना उत्साहानं दाखवतायत, हा उतार, हे 710 चं प्लाय, ट्रान्समला बाहेरून चार थर, आतून चार थर. बाबांनी मागच्या बाजूला हात लावला, वाकून खालून बघितलं आणि म्हणाले, "मागं लई जड झाली, नाना. तोंड वर धरंल." झालं! सगळे थर मोजले होते, वजन मोजलंच नव्हतं. डाय जड झाली म्हणून बिघडत नाही, उलट चांगलीच. बोटीचं तसं नाही. नंतर महिनाभर नाना मागचं थोडं थोडं घासून काढत होते आणि आम्ही कपडे आत.

25 जुलै 2024 ला पवनेला पूर आला. पिंपरी-सांगवीच्या खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा गल्लीच्या ग्रुपवर सगळे लिहायला लागले, नाना, बोट काढा! बोटीला तळ होता कुठे तेव्हा? तळाच्या फळ्या काढून वाळत घातलेल्या. नानांनी ग्रुप सोडला. माईंनीच समजूत काढून त्यांना परत घातलं.

"पण काकू, पूर्ण झाली तरी चालवणार कुठे?"

हा प्रश्न तू पहिल्याच दिवशी विचारलास, आम्हाला वर्ष लागलं. थेरगावला बोट क्लब आहे पालिकेचा, पण उन्हाळ्यात पवनेवर जलपर्णी अशी माजते की बोट घालण्यापेक्षा गुरं सोडावीत. इंद्रायणीचा आळंदीला फेस. पवना धरण म्हणजे आपलं पिण्याचं पाणी, तिथे जलसंपदा खात्याला विचारल्याशिवाय काही नाही. शिवाय बोटीला इंजिन लागलं की 2021 चा केंद्राचा कायदा लागू, सर्वेक्षण करा, नोंदणी करा. त्याआधीचा कायदा 1917 चा होता, नाना तोही वाचून बसलेत. मेरिटाइम बोर्डाच्या कागदांची फाइल तयार आहे त्यांची, बोटीच्या आधी.

आणि माईंची अट वेगळीच. मे 2024 मध्ये उजनीत कुगाव-कळाशीची बोट वादळात उलटली, सहा जण गेले. टीव्हीवर ते बघितल्यावर माई म्हणाल्या, इंजिन नंतर, आधी जॅकेटं. जितकी माणसं बसतील तितकी. आणून ठेवलीत, केशरी. मधूनमधून उन्हाला टाकतात. तारेवर गाद्यांच्या शेजारी केशरी जॅकेटं वाळताना दिसली तर दचकू नकोस.

तरी नानांना कुणी म्हटलं की हे येड्याचं काम, तर त्यांचं एकच उत्तर, 'म्हादेई'. माहीत नाही तुला? नौदलाची शिडाची बोट, छप्पन्न फुटी, लाकडाच्या गाभ्यावर काचतंतू चढवलेली. ती कुठल्या मोठ्या गोदीत झाली नाही. गोव्यात मांडवीतल्या दिवार बेटावर रत्नाकर दांडेकरांचा कारखाना आहे, तिथे झाली. असली बोट त्यांनी आधी कधी बांधलेली नव्हती. 2009 च्या फेब्रुवारीत ती नौदलात गेली आणि त्याच ऑगस्टात दिलीप दोंदे तीत एकटे निघाले, 2010 च्या मे महिन्यात जगाला वळसा घालून परत. असं करणारे ते पहिले भारतीय. मग अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठेही न थांबता गेले, 2012-13 ला. पुढे 'तारिणी' बांधली तीही दांडेकरांनीच. 2017-18 मध्ये सहा बायका तीत बसून पृथ्वीला फेरी मारून आल्या. माईंना ही गोष्ट पाठ आहे. त्या एवढंच म्हणतात, "दांडेकरांनी मध्ये मध्ये गल्लीतली दारं दुरुस्त केली असती तर बघितलं असतं."

अगं, पण तुझ्या बाथरूमचं दार खालून फुटलंय ना? शिफ्टिंगच्या दिवशीच बघितलं मी, हमाल उघडत होता तेव्हा. मग उद्या रविवार आहे. दहाच्या आत आण, नंतर रांग लागते. पण आज रात्री पुसून पंख्याखाली उभं करून ठेव. ओलं दार असलं तर ते हातही लावत नाहीत. आणि पैसे काढू नकोस, अपमान वाटतो त्यांना. चालेल तर तुमच्याकडची ती लातूरची तूरडाळ दे थोडी, माईंच्या हातात. नानांच्या नाही, ते वजन करत बसतील.