खाटा घालण्याची पदवी

माझ्या भाचीने बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश घेतला, तेव्हा घरात दोन दिवस कुणी धड बोलत नव्हतं. "चार वर्षं फी भरून पोरगी शिकणार काय, तर पलंगावर चादर घालायला?" हा तिच्या आजोबांचा सवाल. शेजारच्या काकूंनी तर सरळ "वेडेपणा" म्हणून टाकलं. तो शब्द मला मान्य आहे, आणि या वेडेपणाची मी मनापासून स्तुती करणार आहे.

शहाण्यांचं म्हणणं आधी ऐकू. नाशिकला पाहुणा आणावा लागत नाही. रामकुंड आहे, काळाराम आहे, तासाभरावर त्र्यंबकेश्वर आहे, माणसं येतातच. तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळीच्या लांबट वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबा कधी आले, बरोबर कोण होतं, ते त्यांच्याच हातच्या अक्षरात समोर येतं. हे सगळं पदवीशिवाय चाललं ना? मग पोरांनी कॉलेजात काय मिळवायचं?

चाललं खरं, पण शिकल्याशिवाय नाही. गावागावांची, घराण्याघराण्यांची नोंद अशी ठेवायची की शंभर वर्षांनी आलेल्या अनोळखी माणसाला त्याचं पान काढून दाखवता यावं, ही विद्या आहे. ती बापाने मुलाला वर्षानुवर्षं बसवून शिकवली. कागदावर पदवी नव्हती एवढंच. जिच्या घरात अशी वही नाही, त्या मुलीने ती विद्या कुठून घ्यायची?

पहिल्याच सहामाहीत भाची सुट्टीला आली आणि आमच्या दिवाणावर सराव करू लागली. चादर झटकून मधली घडी पलंगाच्या मध्यावर, मग पायथ्याचा कोपरा उचलून पाकिटासारखा दुमडायचा आणि गादीखाली सारायचा. सात-आठ वेळा उपसलं, पुन्हा घातलं. मी म्हटलं, "अगं, दिसतंय की बरं." ती म्हणाली, "मामा, दिसायला नाही. रात्री कूस बदलली तरी चादर निघता कामा नये. तो माणूस प्रवासातून आलेला असतो." दुसऱ्याच्या झोपेचा इतका विचार आमच्या घरात तोवर कुणी केला नव्हता.

नंतर ती स्वयंपाकघरात शिरली आणि एक आकडा सांगून गेली: ५ ते ६० अंश. शिजलेलं अन्न या दोन तापमानांच्या मध्ये फार वेळ राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात. गरम ठेवायचं तर ६० च्या वर, गार ठेवायचं तर ५ च्या खाली. पहाटे शिजवलेला भात दुपारी एकला पंगतीत वाढणाऱ्या प्रत्येक भंडाऱ्याच्या आचाऱ्याला हा आकडा ठाऊक असायला हवा. श्रद्धेने वाढलेला भातही नासतो.

आणि पाहुणा येतो तो एकटा येत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी, सिंहस्थातल्या शाही स्नानाच्या दिवशी, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. नाशिककराला ही तारीख पाठ असली पाहिजे. गर्दी कुठे रुंदावायची, कुठे अडवायची, एका वाटेने येणारा दुसऱ्या वाटेने कसा परत न्यायचा, हे मोजून शिकायचं असतं. २०१५ च्या सिंहस्थात घाट वाढवले, वाहनतळ शहराबाहेर नेले; नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने पडणारी पावलं मोजणारी चटई तयार केली. माणसं मोजणारा तो पोरगाही काहींना वेडाच वाटला असणार.

पण माझी खरी साक्ष आहे पांडवलेण्यात. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत, त्यातलं क्रमांक १० चं लेणं क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचं. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने तिथल्या ओसरीत कोरून ठेवलं आहे: भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे चौसोपी विश्रामगृहं बांधली, विहिरी आणि तळी केली. पार, दमण, तापी, डहाणूची नदी अशा सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, आणि त्यांच्या दोन्ही काठांवर बसायला मंडप आणि पाणपोया केल्या. दोन्ही काठांवर! नावेची वाट पाहणारा माणूस अलीकडेही असतो आणि पलीकडेही, एवढं ज्याला सुचलं त्याला पाहुणा कळला होता.

त्याच लेण्यात हिशेबही आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण नाणी ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने. व्याज निघतं वर्षाला २४०. पावसाळ्यात लेण्यात मुक्काम (वर्षावास) करणाऱ्या २० भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. गुणाकार करून पाहा, एक कार्षापणही उरत नाही आणि कमीही पडत नाही. भाचीच्या वहीत खर्चाची अशीच गणितं असतात: इतक्या खोल्या, इतक्या चादरी, इतकी धुलाई. तिच्या आजोबांना मी हा शिलालेख वाचून दाखवला तेव्हा त्यांनी स्वतः बोटांवर बाराविसे दोनशेचाळीस मोजले आणि मान हलवली.

उषवदाताचं गोवर्धन अभ्यासक आजच्या गोवर्धन-गंगापूरशी जोडतात. त्याच शिवारात, गंगापूर धरणाजवळ, १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं आहे. जिथे विश्रामगृह बांधलं गेलं, तिथे आता विद्यापीठ आहे. नाशिकच्या मुलांनी आतिथ्य शिकायला याहून जुनं आणि योग्य ठिकाण मला तरी माहीत नाही.

तेव्हा तुमच्या घरी कुणी पोर हा वेडेपणा करायचं म्हणत असेल, तर फी किती आणि पगार किती हे जरूर विचारा. पण त्याआधी एका सकाळी त्याला घेऊन लेणं क्रमांक १० ला जाऊन या. चढण बरीच आहे, पाण्याची बाटली बरोबर घ्या, आणि शक्य झालं तर एक जास्तीची घ्या. वाटेत कुणीतरी तहानलेलं भेटतंच.