विश्रामबागेत वेलकम बॅग भरण्याचा यथासांग विधी

लग्न गोव्यात किंवा उदयपूरला ठेवलं की त्याला डेस्टिनेशन वेडिंग म्हणतात. मुंबई-पुण्याचं वऱ्हाड सांगलीच्या विश्रामबागेत आणून चार हॉटेलांत उतरवलं, की तेही डेस्टिनेशनच. अशा लग्नात पाहुणा येण्याआधी त्याच्या खोलीत जी पिशवी ठेवतात, ती वेलकम बॅग. पूर्वी जानवसघरात मुलीचे वडील जातीने उभे राहून बंबातलं गरम पाणी, साबण, दंतमंजन, खोबरेल तेल बघायचे. तरी वरपक्षातलं कोणीतरी रुसायचंच. आता प्रत्येकाला स्वतंत्र खोली असल्यामुळे रुसायलाही एकांत मिळतो. तो लाभू नये म्हणून पिशवी. तिचा हेतू आदरातिथ्य नसून बंदोबस्त आहे, हे ध्यानात ठेवून पुढील कृती करावी.

१. पिशवी. कापडी घ्यावी. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि साडीच्या दुकानांच्या ज्या पिशव्या घरोघरी गादीखाली घडी घालून ठेवलेल्या असतात, त्या काढण्याचा मोह आवरावा. नवरा-नवरीची नावं आणि तारीख ठळक छापावी. पुढे कित्येक वर्षं काकू त्याच पिशवीतून मेथी आणणार आहेत. तारीख डोळ्यांसमोर राहिली, की लग्नाच्या वाढदिवसाला पहिला फोन मंडईतूनच येतो.

२. पत्ता. सगळ्यात वर पत्त्याचं कार्ड ठेवावं. पाहुणा खोलीत पोचल्यावर पत्ता कशाला, असं विचारणाऱ्याने वऱ्हाड कधी सांभाळलेलं नाही. खोलीतून कार्यालयात जायचं असतंच. शिवाय याच कार्डाचा फोटो आठ दिवस आधी ग्रुपवर टाकायचा आहे. त्यावर ‘सांगली’ हा शब्द नसेल, तर पुण्याचे पाहुणे बाजीराव रस्त्यावर, दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यापाशी गाडी लावायला जागा शोधत बसतात. रेल्वेने येणाऱ्यांना मिरजेला किंवा सांगलीला उतरा, असं स्पष्ट कळवावं. या दोन्हींच्या मध्ये विश्रामबाग नावाचं स्टेशन आहे खरं, पण आपली गाडी तिथे थांबेलच, या भरवशावर दारात बॅगा घेऊन उभं राहू नये.

३. खाऊ. भडंग अनिवार्य. लसूण आणि शेंगदाणे सढळ, तिखट अंदाजाने. मुंबईच्या लहान मुलांसाठी फिक्या भडंगाची वेगळी पुडी करावी आणि ती गावातल्या माणसाला दाखवू नये. पुड्या आदल्या रात्रीच भराव्यात आणि तोंडं मेणबत्तीवर घट्ट बंद करावीत. भडंग सादळलं तर ‘यांच्याकडे असंच असतं’ हे वाक्य सीमांतपूजनाच्या आत व्याह्यांच्या कानांपर्यंत पोचतं. सोबत बेदाणा. तासगावकडच्या द्राक्षांचा हा बेदाणा जगात जातो, पण शहरी पाहुण्याला तो सुकामेव्याच्या चौकोनी डबीतच ओळखू येतो. तेव्हा डबी घ्यावी.

४. हळद. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. हरिपूरला ती जमिनीतल्या पेवांत वर्षानुवर्षं सुखरूप राहायची. तुमच्या पुडीत ती सुखरूप राहील, अशी खात्री बाळगू नये. दुहेरी पिशवी, वर रबर. पुडी फुटली तर आधी भडंग, मग बेदाणा, शेवटी हॉटेलचा पांढरा टॉवेल पिवळा होतो. पहिल्या दोन्ही वस्तू पाहुणा खाऊन टाकतो. टॉवेलचं बिल मुलीच्या बापाला येतं.

५. काय भरू नये. गावाची प्रत्येक ख्याती पिशवीत मावत नाही. मिरजेच्या सतारीलाही मानांकन मिळालं आहे; मामांचा आग्रह असला, तरी ती सोडून द्यावी. सांगलीच्या आयर्विन पुलाचा फोटो असलेला फ्रिजवरचा चुंबक चालेल, पण महापुराच्या वेळचा नको. पाहुणे उगाच हवामान विचारू लागतात.

६. औषधं. मसालेभात, जिलबी आणि मठ्ठा यांचा क्रम दोनदा झाला की लागते म्हणून ॲसिडिटीची गोळी, आणि उन्हाळी मुहूर्त असेल तर मीठ-साखरेची पाकिटं. यापलीकडे काही नको. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांच्या काळापासून मिरज दवाखान्यांसाठीही प्रसिद्ध आहे, त्यामुळे दोन दिवस आलेले वडीलधारे गुडघा दाखवून जायचं आधीच ठरवून आलेले असतात.

७. मानपान. हे कलम सर्वांत नाजूक. सगळ्या पिशव्या तंतोतंत सारख्या असाव्यात. विहीणबाईंच्या पिशवीत चांदीचा करंडा घालावासा वाटला, तर तो वेगळा, हातात द्यावा. पाहुण्या खोलीत पोचल्यावर पहिलं काम पिशवी उघडण्याचं नसून शेजारच्या खोलीतली बघण्याचं करतात. नावाच्या चिठ्ठ्या ‘श्री. व सौ.’ अशा एकाच ठशाच्या कराव्यात. डॉक्टर, ॲडव्होकेट, माजी सरपंच असं एकाला लावलं, की उरलेल्या सगळ्यांच्या पदव्या शोधाव्या लागतात, आणि एखाद्याला पदवीच नाही हे तिथे कळतं.

८. संख्या. खोल्या चाळीस असतील तर पिशव्या साठ करा. वरच्या वीस गुरुजी, फोटोवाले, मांडववाले, गाडीचे ड्रायव्हर आणि ‘आम्हाला मिळाली नाही बरं का’ असं हसत म्हणणाऱ्या आत्यासाठी. आत्याला पिशवी मिळालेली असते, खोलीत कपाटावर असते. तरी दुसरी द्यावी. चर्चा करू नये.

९. समाप्ती. पाठवणी झाल्यावर उरलेल्या पिशव्या मोजून घ्याव्यात. संख्या बरोबर भरते, फक्त प्रत्येकीतलं भडंग गेलेलं असतं. चौकशी करू नये. आदल्या रात्री पुड्या भरायला बसलेल्या करवल्यांना तोच तर मेहनताना कबूल केला होता.